ट्रॅव्हल इंटर्नशिपचा अर्ज भरतेय, नाशिकचा व्हिडिओ नेमका कशाचा करू?

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी पंचवटीत राहते, टी.वाय.ला आहे. मुंबईतल्या एका सहली काढणाऱ्या कंपनीला उन्हाळ्यासाठी दोन इंटर्न हवे आहेत. सहा आठवडे कोकणात फिरायचं, दर आठवड्याला दोन ब्लॉग आणि तीन छोटे व्हिडिओ द्यायचे. राहणं-जेवण त्यांच्याकडे, वर महिना बारा हजार. अर्जासोबत आपल्या गावाचा दीड मिनिटाचा व्हिडिओ, सहाशे शब्दांचा ब्लॉग आणि 'आम्ही तुम्हालाच का घ्यावं' याचं उत्तर मागितलंय. मुदत रविवारपर्यंत.

मी यादी केली: रामकुंड, काळाराम, पांडवलेणी, हरिहर, द्राक्षमळे, मिसळ. दीड मिनिटात सगळं बसवायचं तर एकेकाच्या वाट्याला पंधरा सेकंद. काल फोनमधल्या जुन्या क्लिपा जोडून पाहिल्या, लग्नाच्या अल्बमसारखं काहीतरी झालं. माझ्याकडे साधा फोन आहे, मैत्रिणीचा ट्रायपॉड मिळेल, ड्रोन नाही. आणि खरं सांगायचं तर मी फारशी फिरलेलीच नाही. प्रवासाचा अनुभव नसताना ट्रॅव्हलच्या इंटर्नशिपला अर्ज करावा का, इथूनच शंका आहे.

बाबांना हे पसंत नाही. आई मधल्यामधे. मला मात्र हे काम मनापासून हवंय.

---

ब्रह्मगिरीचा_वारा | सोमवार, रात्री ११:१५

अर्ज करच. विषय हरिहर. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या आणि हात अडकवायच्या खोबण्या एका शॉटमध्ये आल्या की बघणारा जागचा हलत नाही. पहाटे निघ, ऊन व्हायच्या आत खाली ये. एप्रिलमध्ये वर पाण्याचा भरवसा धरू नकोस, माणशी तीन लिटर सोबत ने. शनिवार-रविवार टाळ, पायऱ्यांवर रांग लागते.

नाहीतर साल्हेर. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, मराठे-मोगलांची १६७२ ची लढाई इथलीच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे किल्ले गेले, त्यात हाही आहे. पण बागलाणात जाऊन यायचं म्हणजे तुझे दोन दिवस जातील.

---

कॅमेऱ्यामागे | मंगळवार, सकाळी ८:०५

मी मूळचा नाशिकरोडचा, बारा वर्षं मुंबईत एडिटिंग करतोय. अशा अर्जांचे व्हिडिओ चाळायचं काम माझ्याकडे दोनदा आलं होतं, तेव्हा पलीकडच्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

सव्वाशे-दीडशे व्हिडिओ एका दुपारी बघायचे असतात. त्यातले निम्म्याहून जास्त ड्रोनने किंवा डोंगरावर हात पसरलेल्या माणसाने सुरू होतात, खाली तेच चालू महिन्यातलं गाणं. वाईट नसतात, पण संध्याकाळी त्यातला एकही आठवत नाही. माझ्या लक्षात राहिलेला एक व्हिडिओ एका मुलाने त्याच्या गावच्या एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर केला होता. खिडकीतला माणूस दिसतच नाही, फक्त आवाज आणि बाहेरच्यांचे चेहरे. बाकी काही नाही. त्याला घेतला.

त्यामुळे ब्रह्मगिरीदादा, क्षमा करा, पण हरिहर नको. त्या पायऱ्या मी फोनवर इतक्यांदा चढलोय की आता पायऱ्याही मोजता येतील.

आणि ताई, तू त्र्यंबकेश्वरच्या शेजारची आहेस. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० ला तिथे जन्मले. १९१३ च्या पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी त्यांना भांडवल हवं होतं, आणि हे नवं माध्यम काय करू शकतं यावर कुणाचा विश्वास नव्हता. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, रोज थोडी थोडी फिल्म घेत महिनाभर रोपाची वाढ टिपली आणि ती पैसे देणाऱ्यांना दाखवली. कर्ज मिळालं. आपल्या देशातला हा पहिला नमुना-व्हिडिओ, आणि त्याचा विषय घरातली कुंडी. तू कुठे कुठे गेलीस हे कुणी विचारत नाहीये. तू कशी बघतेस एवढंच त्यांना बघायचंय.

तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असं काय आहे, जे तुला रोज दिसतं आणि मला मुंबईत बसून दिसत नाही?

---

ब्रह्मगिरीचा_वारा | मंगळवार, सकाळी ९:३०

पटलं नाही पूर्ण. वीस वर्षं या डोंगरांत फिरतोय, माझ्यासाठी हरिहर म्हणजे रील नाही. पण ती स्वतः तिथे किती वेळा गेली आहे, हा मुद्दा मान्य. ताई, एकदाही गेली नसशील तर पहिल्यांदा कॅमेरा घेऊन जाऊ नकोस. त्या पायऱ्यांवर एक हात फोनला दिला की दुसऱ्या हाताचा भरवसा नसतो, मी लोकांना घसरताना पाहिलंय.

---

लेणी_आणि_लिपी | मंगळवार, दुपारी १:५०

ब्लॉगसाठी एक सुचवते. पांडवलेण्यातल्या ३ नंबरच्या लेण्यात सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षातला. आपला मुलगा, गौतमीपुत्र सातकर्णी, कसा होता ते एक आई ब्राह्मी लिपीत, प्राकृतात सांगते. 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं' हे वर्णन तिथलंच. सगळे त्यातून राजाचा पराक्रम सांगतात. लिहिणारी आई आहे, मुलगा हयात नाही, हे फार कमी जण लिहितात. मी दर वेळी तिथे उभी राहते तेव्हा मला तीच आठवते.

तिथे शूट करणार असशील तर ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे. साधे फोटो चालतात, पण ट्रायपॉड लावून शूटिंग करायचं तर परवानगी लागते. वरच्या रखवालदाराशी वाद घालू नकोस, तो नियमच सांगत असतो.

---

मुलीचा_बाबा | मंगळवार, रात्री ९:१०

बेटा, तुझ्या बाबांच्या बाजूने लिहितो. माझी मुलगीही तुझ्याच वयाची आहे. आम्हाला व्हिडिओ कळत नाही, पण सहा आठवडे कुठे, कुणाबरोबर, रात्री मुक्काम कुठे, हे कळायला हवं. कंपनीचा पत्ता खरा आहे का? आधी जाऊन आलेल्या दोन मुलींशी बाबांचं किंवा आईचं बोलणं करून दे. मुक्कामाच्या ठिकाणांची यादी तारखांसह माग. नाही देत म्हणाले, तर मीही माझ्या मुलीला पाठवणार नाही.

---

पोळलेला | मंगळवार, रात्री ११:५५

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवेना.

तीन वर्षांपूर्वी मी अशाच एका इंटर्नशिपला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. निवड झाल्यावर 'नोंदणी आणि किट'चे साडेचार हजार भरायला लावले. मी भरले, आईच्या भिशीतून. दोन महिन्यांत चाळीसच्या वर व्हिडिओ दिले. एसटीची तिकिटं वहीत चिकटवून ठेवली होती, परतावा मिळणार म्हणून. एक रुपया आला नाही. माझे व्हिडिओ त्यांच्या पानावर अजून आहेत, नाव नाही. वही माझ्याकडे आहे.

काम देणारा कधी पैसे मागत नाही. मागितले की तिथेच थांब. आणि कुणी पैसे घेऊन गायब झालं तर लाजत बसू नकोस, त्याच दिवशी सायबर मदतीच्या १९३० नंबरवर फोन कर. मी लाजत बसलो, सहा महिने घरी सांगितलं नाही.

---

कॅमेऱ्यामागे | बुधवार, सकाळी ७:४०

पोळलेला, वाईट वाटलं. ती वही जपून ठेव मित्रा. आणि ती चाळीस कामं तुझीच आहेत, पुढच्या अर्जात लिंक दे, कुठल्या तारखेला कुठे शूट केलं ते लिही.

---

गोदाकाठची | बुधवार, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार, आणि पोळलेलादादा, तुमचे जास्त. तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, 'यादी माग त्यांच्याकडून.' म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

कॅमेऱ्यामागेदादांचा प्रश्न डोक्यात घेऊन आज घाटावरच्या बुधवारच्या बाजारात गेले. सुकट, मिरच्या, विळे-कुऱ्हाडी, जुने कपडे, सगळं होतं, पण काय घेऊ ते कळेना. परत येताना जुन्या नाशकातून आले. तिथे एक तांबटकाका आहेत, आमच्या आजीचं घंगाळ त्यांच्याच हातचं. लहानपणापासून त्यांच्या दारावरून शाळेत गेले, आत कधी गेले नव्हते. आज गेले.

तांब्याचा हंडा पुढ्यात, बसल्या जागी पायाने आधार दिलेला, आणि मठारकाम चालू. ठोक्याशेजारी ठोका, एकाही ठोक्यावर दुसरा पडत नाही. मी विचारलं, हे ठिपके शोभेला का? म्हणाले, शोभा नंतर. ठोके खाऊन तांबं कडक होतं, नाहीतर हंडा पाण्याच्या वजनाने पोचेल. मधेच हात थांबला. मला वाटलं दमले. तर कान देऊन होते. एका जागी आवाज बसका येत होता, म्हणजे तिथे अजून नरम होतं. परत तिथेच चार ठोके टाकले, आवाज खणखणीत झाला, मग पुढे सरकले.

मला विषय मिळाला असं वाटतंय. पण हे 'ट्रॅव्हल' आहे का? यात नाशिक दिसतं का?

---

कॅमेऱ्यामागे | गुरुवार, सकाळी ६:५५

आहे! हेच कर. तो थांबलेला हात कापू नकोस, काहीही झालं तरी.

कामाचं सांगतो. फोन काकांच्या अगदी जवळ ठेवू नकोस, ठोक्यांनी आवाज फाटेल. पाच-सहा फुटांवरून घे, आणि आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐक. दुसऱ्या फोनवर नुसता आवाज वेगळा घेतलास तर सोन्याहून पिवळं. आत ट्यूबलाइट असेल तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दुसरा आकडा ठेवलास तर चित्रात पट्टे सरकतात. शक्य तर ट्यूब बंद करून दाराच्या उजेडात घे. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद हलवू नकोस, नवख्याची सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोन फिरवत राहणं. हात, चेहरा, हंड्याचा पृष्ठभाग, दारातून दिसणारी गल्ली. हे चार पुरेत.

गाणं घालू नकोस. ठोके आहेत ना. शिवाय कुणाचं गाणं उचललंस आणि यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा आला, तर अर्ज बघणाऱ्याच्या समोर व्हिडिओ उघडेलच याचा भरवसा नाही.

---

ब्रह्मगिरीचा_वारा | गुरुवार, सकाळी ८:२०

आता मलाही हेच आवडलं. नाशिक दिसण्यासाठी एकच शॉट दे: तो हंडा विकला जातो तो भांडीबाजार, आणि त्याच्या पलीकडे गोदावरी. एवढ्याने जागा कळते.

ड्रोन कुणाकडून मागून आणायचा विचार असेल तर सोडून दे. देवळालीला तोफखाना, गांधीनगरला लष्कराची धावपट्टी, ओझरला विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नसलं तरी लाल, म्हणजे उड्डाणबंदीच्या, क्षेत्रात परवानगी लागतेच. सरकारच्या 'डिजिटल स्काय' साइटवरचा नकाशा बघितल्याशिवाय काही उडवायचं नाही.

---

रामकुंडाजवळची | गुरुवार, सकाळी १०:३०

सगळं छान चाललंय, एक कळकळीचं सांगू का? नदीचा शॉट घेताना रामकुंडावर लोकांच्या अंगावर कॅमेरा नेऊ नका. आमचं घर तिथलंच. लोक अस्थी घेऊन आलेले असतात, कुणी दहाव्याला बसलेलं असतं, बायका ओल्या लुगड्यात असतात. गेल्या वर्षी माझ्या मावशीचे यजमान गेले. ती पाण्यात उतरली होती आणि समोरून एक मुलगा तिचा व्हिडिओ घेत होता. तिने मान फिरवली तर तो दुसऱ्या बाजूला गेला. २०२७ च्या सिंहस्थाला तर अख्खं जग कॅमेरे घेऊन येईल. तुम्ही नाशिकच्या मुली तरी वेगळं वागाल अशी आशा आहे.

आणि त्या काकांनाही आधी विचार, कुठे दाखवणार ते सांग.

---

गोदाकाठची | गुरुवार, दुपारी ४:००

ताई, घाटाचा शॉट लांबून, पुलावरून घेईन, कुणाचा चेहरा येणार नाही. काकांना विचारलं. 'घे की,' म्हणाले, 'पण मी उद्या धुतलेला सदरा घालून बसतो.' मी म्हटलं रोजचाच राहू दे. ते ऐकायला तयार नाहीत.

अजून एक प्रश्न. जाहिरात इंग्रजीत आहे. ब्लॉग इंग्रजीतच लिहावा लागेल, पण मला सुचतं मराठीत.

---

शब्द_तोलणारी | गुरुवार, संध्याकाळी ७:१५

मी कंटेंट एडिटर आहे, आमच्याकडेही दर वर्षी इंटर्न येतात. आधी पूर्ण मराठीत लिही. मग शेजारी बसून इंग्रजीत नव्याने लिही, वाक्यागणिक भाषांतर नको. 'मठारकाम' हा शब्द इंग्रजीतही तसाच ठेव आणि पुढच्या वाक्यात ते काय ते दाखव. व्हिडिओत तुझा आवाज मराठीच असू दे, खाली इंग्रजी सबटायटल.

बुधवारी रात्री तू इथे जे लिहिलंस, 'मला वाटलं दमले, तर कान देऊन होते', तिथून ब्लॉग सुरू कर. पौराणिक काळापासून नाशिक प्रसिद्ध आहे, असं पहिलं वाक्य लिहू नकोस. अशा अर्जांचं दुसरं वाक्य मी क्वचितच वाचते.

'आम्ही तुम्हालाच का' याच्या उत्तरात 'मला प्रवासाची आवड आहे' नको. ती सगळ्यांनाच असते. तू काय करून देशील ते लिही: दहा वर्षं ज्या दारावरून गेले त्या दाराच्या आत गेले, दोन दिवसांत शूट करून वेळेत दिलं. फिरलेली नाहीस हे लपवू नकोस.

---

गोदाकाठची | रविवार, रात्री ९:३०

पाठवलं. एक मिनिट चोवीस सेकंद. काका धुतलेल्या सदऱ्यातच आहेत. थांबलेला हात सलग सात सेकंद ठेवलाय.

---

गोदाकाठची | दुसरा शनिवार, दुपारी १२:४५

काल ऑनलाइन मुलाखत झाली. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: 'मधे सात सेकंद काहीच होत नाही, तिथे कट का नाही केलास?' मी सांगितलं, तेव्हा ते ऐकत होते. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, पुन्हा लावते. मग त्यांनी कोकणात काय करशील विचारलं.

आज सकाळी मेल आला. निवड झाली!!

सोबत तीन पानी करार आहे. त्यात लिहिलंय की मी तयार केलेलं सगळं साहित्य कायमचं, सगळीकडे, त्यांचं. अर्जासाठी दिलेलं सुद्धा. आणि माझ्या इन्स्टावर आठवड्यातून दोनदा त्यांच्याबद्दल टाकायचं. हे असंच असतं का? सोमवारपर्यंत सही करून द्यायचीय.

---

वकिलीण_सिन्नरची | दुसरा शनिवार, दुपारी ३:१०

अभिनंदन गं! सही करायच्या आधी विचारलंस हे उत्तम केलंस.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. पैसे देऊन कुणी फिल्म करून घेतली, तर वेगळं ठरलेलं नसल्यास पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. म्हणजे कोकणातले व्हिडिओ त्यांचे, ते रास्त आहे. पण तांबटकाकांचा व्हिडिओ तू स्वतःहून, कुणाच्या पैशाशिवाय केलास. तो तुझा. तो त्यांच्याकडे जायचा तर लेखी हस्तांतर लागतं, आणि या कलमाने तू नेमकं तेच देऊन टाकशील. ते वाक्य काढायला सांग, म्हण की अर्जाचा नमुना वगळा. हस्तांतराच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, म्हणूनच ते 'कायमचं' असं स्पष्ट लिहितात.

ब्लॉगवर आणि व्हिडिओवर नाव देणार, आणि कामाच्या अर्जासोबत तू ते दाखवू शकशील, या दोन ओळी घालून घे. प्रवासखर्च किती दिवसांत परत मिळणार त्याची तारीख लिहून घे. पोळलेला यांच्या वहीचं दुखणं तिथेच आहे.

इन्स्टाचं: ज्यांच्याकडून मानधन आणि मुक्काम घेतेस, त्यांच्याबद्दल स्वतःच्या खात्यावर लिहिलंस तर ते नातं तिथे ठळक सांगावं लागतं. जाहिरात परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, ग्राहक व्यवहार खात्याच्या २०२३ च्याही. पोस्टच्या सुरुवातीलाच लिही, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नकोस.

मागायला संकोच करू नकोस. फार तर नाही म्हणतील.

---

मुलीचा_बाबा | दुसरा शनिवार, रात्री ८:४०

अभिनंदन बेटा. मुक्कामाची यादी आली का?

---

गोदाकाठची | सोमवार, रात्री १०:०५

काका, यादी आली. सहा ठिकाणं, तारखा आणि घरमालकांच्या फोन नंबरांसह. आईने मागच्या वर्षीच्या एका मुलीशी पाऊण तास गप्पा मारल्या. बाबा स्वतः नाशिकरोडला जाऊन पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट काढून आले.

करारातून अर्जाचा व्हिडिओ वगळला. नाव देणार, ते लिहून दिलं. प्रवासखर्च पंधरा दिवसांत. कामाच्या अर्जासाठी दाखवायची परवानगी मात्र प्रत्येक वेळी विचारून, त्यावर ते अडून राहिले. सही केली.

पोळलेलादादा, मीही वही घेतलीय तिकिटांसाठी.

आता पहिला मुक्काम वेंगुर्ल्याला, दहा दिवस. सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळेच दाखवतात, मला तिकडचं काथ्याचं काम बघायचंय. नारळाची सोडणं किती दिवस भिजवतात, दोरी कोण वळतं, काहीच माहीत नाही. तिकडचं कुणी आहे का इथे?

---

आरवलीचा_वारस | सोमवार, रात्री ११:३०

माझं आजोळ तिकडचं. मामी अजून काथ्या वळते. व्यनि (खाजगी निरोप) केला आहे, जायच्या आधी फोन कर, आणि पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवून जा.